बाटलीचा मसाला

डिकी बंद करायला एरिकने हात वर केला आणि शेजारी उभ्या क्लॅरिसाने चटकन कोपर तोंडासमोर धरलं. डिकी धाडकन बंद झाली. क्लॅरिसाने त्याच हाताने वेणीतून सुटलेले केस पुढे ओढून कपाळावर घेतले, जणू हात त्यासाठीच उचलला होता.

आन्नाने ते पाहिलं. वसईहून कॅनडाला येऊन तिला दीड महिना झाला होता, आणि लेकीचं हे केस सारखे करणं तिने इतक्यांदा पाहिलं होतं, की आता तिला लेकीचीही चीड येऊ लागली होती. जावयाची तर होतीच. मंगळवारी तिचं विमान होतं. त्याआधी पोरीला या माणसाच्या घरातून बाहेर काढायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आणि पोर म्हणत होती, "तसं काही नाही गं, मम्मी."

कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी पाण्याकाठच्या या जुन्या किल्ल्यात प्रवेश फुकट होता. फुकट म्हटल्यावर एरिक येणारच. पण आत दारूला बंदी होती, आणि आन्नाच्या पर्समधून बियरच्या बाटलीचं तोंड बाहेर डोकावत होतं. गेटवरच्या मुलीने तिकडे बोट दाखवलं.

"इट्स जस्ट मसाला," एरिक हसत म्हणाला. "माय मदर-इन-लॉ डझन्ट ट्रस्ट जार्स."

मे महिन्याच्या उन्हात वाळवून, भाजून, कुटून, काठीने ठासून भरलेला मसाला. तो बियरच्या तपकिरी बाटलीतच वर्षभर टिकतो, आणि तोंडाला कापडाचा बोळा लागतो, हे वसईच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. दीड महिन्यात बाटली अर्धी संपून मसाला सुटा झाला होता. दुपारी पाण्याकाठी बार्बेक्यू करायचा होता. गाडीत मसाला तापेल म्हणून आन्ना तो बरोबर घेऊन निघाली होती.

किल्ला म्हणायचा म्हणून किल्ला. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकन सैन्याने जाळला, तेव्हापासून गुडघाभर जोती आणि दोन धुराडी उरली होती. वसईच्या किल्ल्यात लपाछपी खेळलेल्या आन्नाला त्याचं कौतुक ते काय असणार? एरिकला मात्र चेव चढला होता.

"प्लॅन बघा मम्मी, सगळी रोमन आयडिया. गेट, बॅरक्स, मधे कमांडर. हनिमूनला आम्ही इंग्लंडला ओरिजिनल रोमन फोर्टचे रुइन्स बघितले ना! तिथे सेन्ट्री पहाऱ्यावर झोपला, तर पनिशमेंट माहितेय? त्याच्याच बरोबरचे लोक त्याला दांडक्यांनी मारून टाकायचे. दॅट्स डिसिप्लिन."

त्या हनिमूनहून क्लॅरिसा मनगटाला प्लॅस्टर घालून परतली होती. दगडावरून पाय घसरला, असं फोनवर म्हणाली होती. आन्नाने तेव्हा त्या रोमन दगडांना शिव्या घातल्या होत्या.

दारूकोठाराच्या चार भिंती तेवढ्या उभ्या होत्या. वर छप्पर नव्हतं. आत शिरल्यावर एरिकने विचारलं,

"चारकोल घेतलास ना?"

क्लॅरिसा जागीच थांबली. "गराजमध्ये राहिला. आय थॉट, तू ठेवलास."

"तुला एक काम सांगितलं होतं." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मम्मी, तुम्ही व्हा पुढे. पाण्याचा व्ह्यू मस्त आहे."

आन्ना दरवाजातून बाहेर पडली, आणि मागे नारळ पायरीवर आपटावा तसा आवाज झाला.

ती वळली. एरिकने क्लॅरिसाची वेणी मुठीला गुंडाळली होती आणि तो तिचं डोकं पुन्हा भिंतीकडे नेत होता. करड्या दगडावर ओला लाल डाग उमटला होता. क्लॅरिसा ओरडत नव्हती. डोळे मिटून, हनुवटी छातीशी घेऊन ती पुढच्या आपटण्याची वाट बघत होती, आणि त्यात तिचा सराव दिसत होता.

आन्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने दातांनी बोळा उपटला.

"एरिक!"

त्याने मान वळवली. आन्नाने बाटलीचा झटका दिला आणि लाल मसाला त्याच्या उघड्या डोळ्यांत, नाकात, तोंडात गेला.

तो गुरासारखा हंबरला. वेणी सोडून त्याने आंधळेपणाने हात फिरवला. फटका आन्नाच्या तोंडावर बसला आणि तिचा ओठ फुटला. तिने तोंडातलं रक्त थुंकलं आणि बाटली दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर हाणली. तो गुडघ्यांवर कोसळला. तिने बाटली पुन्हा उचलली, तेव्हा क्लॅरिसाने तिचा हात धरला.

"बस, मम्मी."

"वॉटर! क्लॅरिसा, वॉटर! आय कान्ट सी!"

क्लॅरिसाच्या कपाळावरून रक्त कानापर्यंत ओघळलं होतं. तशीच ती बॅगेतलं पाणी घेऊन त्याच्याजवळ बसली. आन्नाचं काळीज तुटलं. संपलं सगळं, तिला वाटलं. हिचं डोकं फुटलं तरी ही त्याचेच डोळे धुणार.

क्लॅरिसाने ते धुतलेही. आधी एक, मग दुसरा, न सांडता. मग रुमाल काढून तिने त्याचं तोंड पुसायला हात वर केला.

एरिकने चटकन कोपर तोंडासमोर धरलं. हनुवटी छातीशी घेतली.

क्लॅरिसाचा हात तसाच वर राहिला. ती त्या कोपराकडे बराच वेळ बघत होती. मग तिने रुमाल त्याच्या हातात ठेवला आणि ती उठली.

ओरडा ऐकून गेटवरची मुलगी धावत आली. भिंत, रक्त, गुडघ्यांवर बसलेला माणूस, हातात बाटली धरलेली म्हातारी, तिला कशाचाच मेळ लागेना.

"ओह माय गॉड! डिड समवन स्लिप?"

"येस," एरिक खाली मान घालून घाईने म्हणाला. "माय वाइफ. शी स्लिप्ड."

आन्ना जीव मुठीत धरून लेकीकडे बघत राहिली.

"नो," क्लॅरिसा म्हणाली. तिने दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि कपाळ त्या मुलीपुढे केलं.