धुराच्या खोलीतलं उत्तर

देवाकडे मागताना आवाज किती चढवावा, याला काही सुमार असतो. एलिक्कुट्टीने तो राखला नाही. केरळात मीनच्चिल नदीच्या काठी, चर्चच्या त्या वॉर्डात घरं आळीपाळीने एकमेकांकडे प्रार्थनेला जमतात, तशी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला सगळी लीलाम्मा टीचरच्या ओसरीवर जमली होती. जपमाळ झाली, वाचन झालं, आणि कुणाला काही खास विनंती मांडायची आहे का, असं टीचरने नेहमीप्रमाणे विचारलं. कुणी लेकाच्या परीक्षेसाठी मागितलं, कुणी स्वतःच्या गुडघ्यांसाठी. एलिक्कुट्टी उठून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याच्या छातीतला दगड फुटावा म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा," ती म्हणाली.

सगळ्यांनी केली. नुसती केली नाही, घरोघर नेली. शेजारणीची चहाडी करताना बायकांची जीभ थोडीतरी अडखळते, पण ही पडली प्रार्थनेची विनंती. ती पसरवली तर उलट पुण्यच लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा कुरियच्चन चहाच्या टपरीवर गेला, तर टीचरचा नवरा ओनाच्चन भर लोकांत म्हणाला, "काय कुरियच्चा, फुटला का दगड? की सुरुंग आणू?" अख्खी टपरी हसली. कुरियच्चनने चहा अर्धा टाकला, घरी येऊन चटई नि उशी उचलली आणि मागच्या अंगणात रबराच्या शीटा वाळवायची धुराची खोली आहे, तिच्या पडवीत मुक्काम हलवला. आईला म्हणाला, शेकोटी विझते, लक्ष ठेवायला हवं. आजवर ती शेकोटी कुणी लक्ष न देता सुखाने जळत होती.

दोघांपैकी एकाचीच चूक असती तर गोष्ट सोपी होती. एलिक्कुट्टी नर्स. मुलगी निम्मी रांगायला लागली तेव्हा ती कुवेतला गेली आणि कायमची परत आली तेव्हा निम्मी तिच्याहून उंच झाली होती. मधली सगळी वर्षं घर कुरियच्चनने ओढलं. पहाटे रबराच्या झाडांना चीर द्यायची, परत येऊन पोरीची वेणी घालायची, डबा भरायचा, म्हातारीच्या पायांना तेल लावायचं. गावाने त्याला 'नर्सचा नवरा' म्हणून हिणवलं, तेही त्याने मुकाट ऐकून घेतलं.

एलिक्कुट्टी परतली ती घरी आल्यासारखी नाही, ड्यूटीवर आल्यासारखी. डब्यांच्या जागा बदलल्या, म्हातारीच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्या. पण निम्मीला साधी सर्दी झाली तरी ती हाक बापालाच मारायची, नर्स असलेल्या आईला नाही. अशाच एका दिवशी ती भडकली. मी तिकडे राबले म्हणून हे छप्पर उभं आहे, तुम्ही काय केलंत, नुसता भात रांधलात, असं बोलून गेली. कुरियच्चन आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "पाहुण्यांनी स्वयंपाकघरात फार लुडबूड करू नये."

त्यानंतर त्याने तोंड शिवून घेतलं. ती ओरडली, रडली, भांडी आपटली, पण तो गप्प तो गप्पच. परदेशातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जी बाई बधली नव्हती, तिला या मौनाने जेरीला आणलं. म्हणून तर ती टीचरच्या ओसरीवर उभी राहिली होती.

त्यात कुवेतहून जुन्या मेट्रनचा फोन आला, जागा रिकामी आहे, येतेस का म्हणून. ईस्टरनंतर कळवते, असं एलिक्कुट्टीने सांगितलं आणि कपाटावरची मोठी बॅग खाली न काढता नुसती पुसून ठेवली. मग येशूच्या तसबिरीसमोर उभी राहून तिने बजावलं, की ईस्टरच्या आत हा माणूस घरात आला तर ठीक, नाहीतर मी चालले. देवालाही मुदत घालून देणारी बाई होती ती. पण मुदत घालून हातावर हात ठेवून बसणारी नव्हती.

त्या घरात दिवेलागणीची प्रार्थना कधी चुकली नव्हती. तसबिरीसमोर दिवा लागायचा, चटया पसरायच्या आणि घरधनी जपमाळ सांगायचा. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग त्याने म्हणायचा, 'पवित्र मरिये, देवाच्या माते' हा दुसरा बाकीच्यांनी. आता एलिक्कुट्टी सांगू लागली. कुरियच्चनची चटई ती रोज त्याच्या जागी पसरायची आणि आवाज असा लावायची की मागच्या अंगणातली कोंबडी दचकावी.

"देव बहिरा नाही गं एली," सासू म्हणायची. घरात सगळे तिला अम्मच्ची म्हणत.

"देवासाठी नाही ओरडत, अम्मच्ची."

एका संध्याकाळी निम्मी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला गेली होती आणि अम्मच्चीला खोकल्याने बोलता येत नव्हतं. एलिक्कुट्टीने पहिला अर्धा म्हटला. दुसराही आपणच म्हणावा म्हणून तिने श्वास घेतला, तेवढ्यात मागून, धुराच्या खोलीकडून, जाड पुरुषी आवाजात उत्तर आलं, "पवित्र मरिये, देवाच्या माते..."

तिच्या हातातले मणी थांबले. तिने पुढचं 'नमो मरिये' म्हटलं, मुद्दाम जरा हळू. उत्तर आलं. मग ती थांबलीच नाही. माळ संपली तशा रोजच्या विनंत्या सुरू झाल्या. अम्मच्चीच्या खोकल्यासाठी, ती म्हणाली, आणि अंगणातून आवाज आला, "प्रभू, आमची विनंती ऐक." निम्मीच्या परीक्षेसाठी. "प्रभू, आमची विनंती ऐक." माझ्या नवऱ्याच्या छातीतला दगड फुटावा म्हणून.

अंगणात रातकिडे तेवढे वाजत राहिले.

अम्मच्चीने खोकला आवरून सुनेकडे पाहिलं. "पोरी, ती विनंती नाही, फिर्याद आहे," ती म्हणाली. "स्वतःवरच्या फिर्यादीला कोण 'आमेन' म्हणेल?"

कुणाचं पटलं तरी लगेच मान्य करणं एलिक्कुट्टीच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने तेच मागणं पुन्हा मांडलं, तिसऱ्या दिवशीही. बाकी सगळ्याला उत्तर यायचं, त्या एका मागण्याला नाही. ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार आला तरी तिचं मागणंही हललं नाही आणि त्याची उशीही.

आणि मग पेसहाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा दिवस उजाडला. पवित्र गुरुवारी संध्याकाळी घरोघर आंबवण न घालता तांदूळ-उडदाचं एक अप्पम वाफवतात आणि नारळाच्या दुधात गूळ घालून पाल करतात. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा क्रूस अप्पमवर ठेवतात. ते अप्पम घरधन्याने मोडायचं आणि थोरापासून धाकट्यापर्यंत ज्याच्या त्याच्या ओंजळीत द्यायचं. दुसऱ्या कुणी त्याला सुरी लावायची नाही. ज्या घरात वर्षभरात मयत झाली असेल तिथे अप्पम करत नाहीत, त्यांना शेजारी बोलावतात. लीलाम्मा टीचरची सासू नुकतीच वारली होती. अम्मच्चीने रीतीप्रमाणे टीचरला नि ओनाच्चनला बोलावणं धाडलं आणि मग सुनेला सांगितलं.

"दुसरं कुणी मिळालं नाही तुम्हाला?" एलिक्कुट्टी म्हणाली.

"मेलेल्या बाईने तुमची भांडणं बघून मरायचं होतं का?" अम्मच्ची म्हणाली. "आणि ऐक. तो मोडायला आला नाही, तर अप्पम झाकलेलं राहील आणि सगळे तसेच उठतील. माझ्या घरात असं कधी झालेलं नाही."

दुपारी एलिक्कुट्टी पडवीत गेली. कुरियच्चन शीटा उलटत होता. पडवी झाडलेली होती आणि सरपणाच्या मोळ्यांच्या वर, खिळ्याला, जपमाळ लटकत होती. संध्याकाळी या, टीचर येणार आहे, अम्मच्चीसाठी तरी या, असं ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी बोलला.

"तू चारचौघांत बोललीस, एली. आता इथे धुरात येऊन कानात सांगतेस?"

ती परत आली, आंघोळ केली आणि अप्पमच्या मागे लागली. इतकी वर्षं ते कुरियच्चन करायचा. तिने कुणाला विचारलं नाही, वाटलं, वाफवलं, झाकण काढलं. अप्पम मधोमध तडकलं होतं.

अम्मच्चीने छातीवर क्रूस काढला. पेसहाचं अप्पम तडकलं की त्या वर्षी घरावर काहीतरी येतं, असं तिकडच्या म्हाताऱ्या मानतात. "येणार गं काहीतरी," ती पुटपुटली.

"यायचं ते येऊन गेलंय, अम्मच्ची," एलिक्कुट्टी म्हणाली. तिने पातीचा क्रूस ठेवला, वर पांढरं फडकं टाकलं आणि दिवा लावला. तिचं ठरलं होतं.

ओनाच्चन गंभीर चेहऱ्याने आला. टीचरने बसण्याआधी रिकाम्या चटईकडे पाहिलं, मग अंगणाकडे, मग छताकडे. एलिक्कुट्टीने जपमाळ सुरू केली, तर धुराच्या खोलीतून उत्तर आलं. टीचरच्या भुवया वर गेल्या. रोजच्या विनंत्या झाल्या, मेलेल्या सासूसाठीही मागून झालं. मग एलिक्कुट्टी उठून उभी राहिली, जशी टीचरच्या ओसरीवर राहिली होती तशीच.

"मी माझ्या नवऱ्याला तुमच्या ओसरीवर उघडं पाडलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण स्वच्छ होता. "ज्याने माझं लेकरू वाढवलं त्याला मी दगड म्हटलं. त्याने नुसता भात रांधला म्हटलं. मान माझीच ताठ आहे. ती वाकावी म्हणून प्रार्थना करा. आणि टीचर, हीसुद्धा विनंती घरोघर पोचवा, ती पोचवलीत तशी."

टीचरने मान खाली घातली. ओनाच्चन स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. कुणाच्या तोंडून उत्तर निघेना, आणि अंगणातूनही काही आलं नाही. लाजेने जीव जातोय असं एलिक्कुट्टीला वाटलं. पण एकदा उत्तर आलं नाही म्हणून मागणं सोडायचं, तर प्रार्थना कशाला करायची. तिने तीच विनंती पुन्हा मांडली, शब्द न् शब्द.

"आणि जिला मी पाहुणी म्हटलं," मागच्या दारातून आवाज आला, "तिने मला घरात जागा द्यावी, म्हणून."

कुरियच्चन उंबऱ्यात उभा होता. अंगाला धुराचा वास, धोतर मात्र धुतलेलं.

"प्रभू, आमची विनंती ऐक," अम्मच्ची म्हणाली, इतक्या जोरात की खोकला तिथेच बरा झाला असावा. निम्मी, टीचर, ओनाच्चन, सगळे म्हणाले. एलिक्कुट्टीला म्हणता आलं नाही. तिने वाकून त्याची चटई सरळ केली.

कुरियच्चनने हात धुतले, आपल्या चटईवर बसला आणि फडकं काढलं. तडा सगळ्यांना दिसला. टीचर काही बोलणार होती, ती पुन्हा छताकडे पाहू लागली. त्याने अप्पम बोटाने दाबून पाहिलं.

"पीठ घट्ट भिजवलंस," तो म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी आधी शिकवा."

निम्मीने झटकन मान वर करून कपाटावरच्या बॅगेकडे पाहिलं, मग आईकडे. कुरियच्चनने सुरी हातात घेतली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग त्याने ती बरोबर तड्यावर ठेवली आणि तिथूनच अप्पम मोडलं. पहिला तुकडा अम्मच्चीला दिला, मग ओनाच्चनला, मग टीचरला. एलिक्कुट्टीने दोन्ही हात पुढे केले. पालमध्ये बुडवलेला तुकडा तिच्या ओंजळीत ठेवताना त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"पुढच्या वर्षी नक्की?" त्याने हळू विचारलं.

"चारचौघांत बोलले की नाही?" ती म्हणाली.

पाहुणे गेल्यावर निम्मी कुणी न सांगता पडवीत गेली आणि बापाची उशी घेऊन आली. उशीला धुराचा असा वास होता की अम्मच्चीने नाकाला पदर लावला. ती रात्रभर बाहेर वाऱ्यावर टाकावी, असं तिचं म्हणणं पडलं. एलिक्कुट्टीने उशी निम्मीच्या हातातून घेतली, दोनदा झटकली आणि आत नेऊन आपल्या उशीशेजारी ठेवली.