बघितलेली कलेजी

"आधी तो दिवा बदल! या उजेडात मी कलेजी बघतोय की कोळसा, काही कळायला मार्ग नाही," शिक्केसाहेब मटणवाल्यावर खेकसले आणि हातातली कलेजी त्यांनी ओट्यावर थपकन उलटी केली.

"मागच्याच महिन्यात बदललाय, साहेब. त्याच्या आधी उन्हाळ्यातही एकदा बदलला होता."

"म्हणजे दोन्ही वेळा तुला कुणीतरी फसवलं. बरं झालं. जन्मभर लोकांच्या पिशवीत हाडं कोंबलीस, तुलाही कुणी भेटायलाच हवं होतं."

मटणवाला हसला आणि सुरीला धार लावू लागला. एकतीस वर्षं तो ही बोलणी खात आला होता, त्याला आता त्यांची चव कळेनाशी झाली होती. शिक्केसाहेब कत्तलखान्यात मांस तपासायचे. त्यांचा जांभळ्या शाईचा गोल शिक्का ज्या धडावर नाही, ते धड फाटकाबाहेर जायचं नाही, मग मालक पाया पडो की शिव्या घालो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ऑफिसनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि तपासायची आखूड सुरी यांनी न विचारता खिशात टाकून आणली. शिक्का तेवढा परत करावा लागला. त्याची भरपाई ते जिभेनं करत. मटणवाले चोर, डॉक्टर पोपट, आपल्या जागी आलेला नवा तपासनीस तर ठार आंधळा, कारण तो मांसापेक्षा कागदाकडे जास्त बघतो. आणि या यादीत सगळ्यांच्या वर होते जावई. त्यांचं नाव साहेबांनी मनातल्या मनात कच्चेराव ठेवलं होतं.

कच्चेराव लिफ्टच्या कंपनीत विक्री बघायचे. दिवसभर लोकांना लिफ्ट विकायच्या आणि स्वतः मात्र तब्येतीसाठी आठ मजले जिन्यानं चढून यायचं, असा एकूण कारभार. वर्षभरापूर्वी त्यांना कुठल्याशा उघड्या अंगाच्या माणसाचे व्हिडिओ सापडले. वाघ शिजवून खातो का? नाही. वाघाला चष्मा लागतो का? नाही. संपलं! एवढ्या दोन प्रश्नांवर या गृहस्थांनी घरातल्या कढया वाटून टाकल्या. सकाळी चार कच्ची अंडी, फोडून सरळ घशात. दुपारी न तापवलेलं दूध. आणि रविवारी काचेच्या बशीत कच्च्या कलेजीचे चौकोनी तुकडे, वर चिमूटभर मीठ. ऑफिसातही डब्यातून असलंच काही न्यायचे. तिथे शेजारची खुर्ची कायम रिकामी असते, असं लेकीनं एकदा सहज सांगून टाकलं होतं.

"वाघ पंधराव्या वर्षी मरतो, जावईबापू," ती बशी पहिल्यांदा दिसली, त्याच दिवशी शिक्केसाहेब म्हणाले होते. "तुम्ही अडतीसचे आहात. म्हणजे तुमची वेळ दोनदा येऊन गेली."

कच्चेराव नुसते हसले. तसं हसणं साहेबांना माहीत होतं. ज्याला काहीच कळत नाही, तोच दुसऱ्याची कीव करत असा हसतो. मग साहेबांनी खिशातली सुरी काढली, बशीशेजारची आख्खी कलेजी पुढे ओढली, खालच्या बाजूनं एक काप दिला आणि अंगठ्यानं पित्ताची नळी दाबली. पानासारखे चपटे पाच किडे बाहेर आले. ते त्यांनी सुरीच्या टोकानं एकेक उचलून जावयाच्या बशीत ओळीनं मांडले.

"घ्या. कच्चे आहेत. ताजेही आहेत. मीठ घालू का?"

कच्चेराव तोंडावर हात धरून बाथरूमकडे पळाले. शिक्केसाहेबांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पण माणसाला लाज नसली की त्याचं काय करणार? पुढच्याच रविवारी जावयांचा फोन आला. "बाबा, तुम्हीच आणत जा ना कलेजी. घरात तुमच्यासारखा तज्ज्ञ असताना बाहेरच्यावर कशाला विसंबायचं?"

तिथे शिक्केसाहेब फसले. 'खड्ड्यात जा' म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण तज्ज्ञ हा शब्द चार वर्षांत त्यांच्यासाठी कुणी वापरला नव्हता. आपण नाही आणली तर हा मूर्ख कुठूनही आणेल आणि लेकीलाही खायला घालेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पुढे लेकीला दिवस गेले, तशी ही समजूत आणखीच पक्की झाली. गेले आठ महिने दर रविवारी ते कलेजी तपासून न्यायचे. कच्चेराव तिचे तुकडे करायचे. लेक हातात काटा घेऊन विचारायची, "बघितलंत, बाबा?" साहेब म्हणायचे, "बघितलं." मग ती खायची.

आणि वर ऐकून घ्यायचं काय, तर कच्चेरावांचं कौतुक! "बघा बाबा, एवढ्या महिन्यांत साधी शिंक नाही! पोट कसं, एकदम घड्याळ!" साहेबांच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. अरे गाढवा, तुला वाघ नाही राखत, मी राखतोय!

आजही त्यांनी कलेजीवरून तळवा फिरवला, कडा अंगठ्यानं चाचपल्या, काप दिला, नळी दाबली, आणि सुरी फडक्याला पुसत म्हणाले, "पास. बांध."

मटणवाल्यानं बांधली नाही.

"साहेब, एक मिनिट." त्यानं कलेजीची डावी कड वर उचलली. "इथे."

"काय इथे?"

"इथे, साहेब. बघा."

शिक्केसाहेब वाकले. आणखी वाकले. नाक जवळजवळ कलेजीला टेकलं, तरी त्यांना तांबूस धुकं दिसत होतं, बाकी काही नाही. शेवटी मटणवाल्यानं त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं, तेव्हा कळलं. वाटाण्याएवढी पाण्याची गाठ. कत्तलखान्यात नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ओळखायला शिकवतात, ती.

"उजेड..." साहेब म्हणाले.

"हो साहेब, उजेडच कमी आहे," मटणवाला लगेच म्हणाला.

इतक्या वर्षांत हा माणूस कधी लगेच हो म्हणाला नव्हता. दर वेळी हुज्जत घालायचा, शपथा घ्यायचा, छाती पिटायचा. त्याचं ते घाईघाईचं हो शिक्केसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय, साहेब?"

"सोंग करू नकोस. माझ्या मागे तू कधीपासून तपासतोयस?"

मटणवाल्यानं सुरी खाली ठेवली. "मागे नाही, साहेब, आधीच. शनिवारी एक चांगली बघून तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. आज गर्दीत राहून गेलं. उन्हाळ्यात एकदा तुम्ही किड्यांची पास केलीत. मी बांधताना बदलली. तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला? कुणाची छाती आहे, साहेब?" तो ओशाळून हसला. "आणि म्हटलं, घरी जाऊन शिजणारच आहे. तुम्ही शिक्का मारायचात तेव्हा तरी सगळं कुठे दिसायचं? राहिलंसाहिलं चूल बघून घ्यायची."

लेकीच्या घरात ही कलेजी कशी खाल्ली जाते, हे शिक्केसाहेबांनी या माणसाला सांगितलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार? मटणवाल्यानं आतून दुसरी कलेजी आणली, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली आणि कागदात बांधून दिली. साहेबांनी ती मुकाट्यानं घेतली.

वाटेत त्यांना स्वतःचीच शिसारी येत होती. नव्या तपासनिसाला आंधळा म्हणत होतो! दिव्यांना शिव्या घालत होतो! लेकीच्या घरातल्या दिव्यालाही, बँकेतल्या दिव्यालाही, अगदी भर दुपारच्या उन्हालाही एकदा ते म्हणाले होते, की पूर्वीसारखं राहिलं नाही. डोळ्यांचं त्यांना महिनोन् महिने कळत होतं. पण डोळे गेले म्हटलं की उरलं काय? भिंतीवरचं घड्याळ. आणि चुलीचं काय? नोकरीतला प्रत्येक शिक्का आपण चुलीच्या भरवशावर मारला, आणि श्रेय एकट्यानं घेत बसलो. कच्चेरावांनी निदान चूल उघड उघड टाकली होती. आपण तर तिचं नावही कधी काढलं नाही.

आठव्या मजल्यावर दार उघडंच होतं. "या बाबा, या! वाट बघतोय," म्हणत कच्चेरावांनी पुडकं घेतलं, कागद सोडला आणि उभ्या उभ्या तुकडे केले. "काय रंग आहे! शिजवणाऱ्या लोकांना हा रंग जन्मात दिसत नाही." त्यांनी दोन बश्या भरल्या, एक स्वतःपुढे ठेवली, एक बायकोपुढे सरकवली.

लेक टेबलाशी बसली होती. पाचवा महिना, त्यामुळे खुर्ची जरा मागे घेतलेली. तिनं काटा उचलला.

"बघितलंत, बाबा?"

शिक्केसाहेबांच्या ओठांवर ते उत्तर सवयीनं आलंच होतं. म्हटलं असतं तर आजच्यापुरतं खोटंही ठरलं नसतं, कारण कलेजी चांगलीच होती.

"नाही," ते म्हणाले.

"बाबांची थट्टा," कच्चेराव तोंडात तुकडा टाकता टाकता हसले.

"थट्टा नाही. मला दिसत नाही. मटणवाल्यानं बघितलंय. उन्हाळ्यापासून तोच बघतोय आणि मला बोलला नाही. ज्याला मी जन्मभर चोर म्हणत आलो, त्याच्या डोळ्यांवर तुम्ही दोघं जगताय. मी नुसता पुडकं वाहणारा."

कच्चेरावांचा काटा तोंडापाशी थांबला. लेकीनं मात्र आपला काटा हळूच बशीच्या कडेला ठेवला.

"म्हणजे," तिनं विचारलं, "आता नाही खाल्लं तरी चालेल?"

"तुला आवडत नाही?"

"आवडतं?" ती म्हणाली. "बाबा, पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. अजूनही श्वास धरून गिळते. हे तर काय, सारखे मागेच लागलेले असतात. पण तुम्ही इतके कडक, आणि तरी स्वतः निवडून आणता. मला वाटलं, तुम्हाला पटलेलं दिसतंय. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कच्चं काही खायचं नाही. मी म्हटलं, माझे बाबा तपासतात. तर त्या म्हणाल्या, तपासतात ते ठीक आहे, पण शिजवतात का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? विषय बदलला." ती बशीकडे बघत होती. "तुम्ही एकदा नको म्हणाला असतात ना, बाबा, तर त्याच दिवशी बंद केलं असतं मी."

शिक्केसाहेबांना लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आठ महिन्यांत ते सगळ्यांना सगळं बोलले होते. जावयाला वाघावरून, मटणवाल्याला दिव्यावरून, डॉक्टरांना, बँकेला, उन्हाला. ज्या एका माणसाला एक शब्द सांगितल्यानं काम झालं असतं, तिलाच तेवढं सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर 'बघितलंत, बाबा?' हे कानावर पडायचं बंद झालं असतं. पोरीच्या पोटातल्या जिवाशी ते एवढ्यासाठी खेळत होते.

"चिमे," त्यांनी तिची बशी उचलली, "तवा कुठाय?"

"तवा नाही बाबा घरात," कच्चेराव म्हणाले. "आपण सगळं देऊन टाकलं."

लेक उठली. आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि टॉवेलांच्या मागे दडवलेला एक छोटा तवा घेऊन ती बाहेर आली.

"हा आपण दिला होता ना?" कच्चेरावांनी विचारलं.

"नव्हता दिला," ती म्हणाली आणि तवा बाबांच्या हातात दिला.

त्यांनी गॅस पेटवला. तवा तापला, तेल पडलं, तुकडे पडले, आणि वर्षभर थंड पडलेल्या त्या स्वयंपाकघरात चर्र आवाज झाला. कच्चेराव जागेवरूनच कुरकुरले, "सगळं सत्त्व जाळताय, बाबा."

"जाळतोय. तुम्ही खुशाल खा तुमचं. फक्त मी ते बघितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

मागे खुर्ची सरकली. कच्चेराव पावलं न वाजवता ओट्याशी आले. त्यांच्या हातात बशी होती, आणि बशीत एक सोडून सगळे तुकडे जसेच्या तसे होते.

"बाबा... माझंही जरा... वरवर शेकून दिलंत तर..."

वाघ बशी घेऊन रांगेत उभा होता. एरवी शिक्केसाहेबांनी या प्रसंगावर महिनाभर मजा मारली असती. आज त्यांनी नुसती बशी घेतली आणि तव्यावर उपडी केली. खिशातली आखूड सुरी काढून त्यांनी बेसिनमध्ये धुतली, पुसली आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिली.

मग ते तव्यावर वाकले. वाफेनं चष्मा भरून गेला. चष्मा पुसला, तरी तुकडे तांबडे आहेत की करडे, ते काही ठरेना. त्यांनी दिव्याला नाव ठेवलं नाही.

"चिमे, इकडे ये गं. शिजलंय का बघ."

ती आली. तिनं एक तुकडा काट्यानं मधोमध फोडला आणि उजेडाकडे धरला. "शिजलं."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, बाबा."

शिक्केसाहेबांनी गॅस बंद केला.