बदामची सत्ती गेली कुठं?

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. शिक्षणाचं विचारू नका. दहापर्यंत आकडे येतात, पुढं थेट गुलाम, राणी, राजा! पण तेवढ्या विद्येवर भल्याभल्यांना टोप्या घातल्यात मी.

छापखान्यात आम्ही बावन्न भावंडं एकाच मोठ्या कागदावर जन्मलो. कापून वेगळे झालो, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी आम्हाला पिसतंच आहे. मला विकत घेतलं आजोबांनी. ते तेव्हा बसचे कंडक्टर होते. तिकिटं फाडायची सवय अशी, की अजूनही पानं वाटताना बोट ओलं करतात. माझे कोपरे फुगलेत ते त्यामुळंच. ते निवृत्त झाले आणि मी त्यांच्या सुनेच्या शिलाई मशीनच्या खणात जाऊन पडलो, खडूचे तुकडे आणि मोडक्या सुयांच्या संगतीत. कितीतरी वर्षं कोणी विचारलं नाही.

मग यंदा शाळेला सुट्टी लागली. आजोबांची थोरली नात, म्हणजे मिरची, पहिल्याच दिवशी फुरंगटून बसली. "सगळ्या मैत्रिणी शिबिराला गेल्या. आपणच तेवढे घरात!"

"शिबिराची फी काय झाडाला लागते?" आई मशीनवरून म्हणाली. तिच्या धाकट्या भावानं, भोपळ्यानं, तेवढ्यात मिरचीची वेणी ओढली. झालं! रणांगण सुरू.

आईला एका नव्या ऑफिसचे पडदे शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. वेळेवर दिले तर पुढचं खुर्च्यांच्या कव्हरांचं कामही तिलाच मिळणार होतं. ती हात जोडून म्हणाली, "बाबा, या दोघांना आवरा. शनिवारी पडदे गेले की मी स्वतः एक डाव खेळायला बसेन."

"तू? खेळणार?" मिरचीचे डोळे वाटीएवढे झाले. आईला खेळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आजोबांनी मला खणातून काढलं, फुंकर मारली, 'बदाम सात' मांडला. ज्याच्याकडे बदामची सत्ती, त्यानं ती टाकून डाव सुरू करायचा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. सत्ती कोणाकडंच नव्हती!

"भोपळ्यानं खाल्ली असेल," मिरची म्हणाली.

मला ठाऊक होतं ती कुठं आहे. पण मी सांगणार थोडाच! "अरे, ती तर डेपोतल्या ड्रायव्हरनं ढापली होती, विसरलोच!" म्हणत शेवटी आजोबांनी बटणांच्या पुठ्ठ्याची एक सत्ती कापली. मिरचीनं सात बदाम काढले. त्यातले दोन बटाट्यासारखे दिसत होते. डाव रंगला. आजोबा चौकटची अठ्ठी मांडीखाली दडपून दोघांना छळत होते. घरात भांडण होतं, पण आता ते माझ्यावरून होतं आणि हळू आवाजात होतं. मशीन सुरळीत चालू होतं.

शनिवारी दुपारी भोपळा पडलेलं पान शोधत मशीनखाली शिरला आणि ओरडला, "सापडली!" मशीनच्या एका पायाखाली, चार घड्या घातलेली बदामची सत्ती! त्यानं ती हिसका देऊन ओढली.

मशीन डुगडुगलं. शेवटच्या पडद्यावरची टीप नागमोडी धावत सुटली.

"अगं बाई!" आईनं कपाळाला हात लावला. मग सत्तीकडं बघून जीभ चावली. "मशीन हलायचं म्हणून मीच घातली होती की ती! लग्नानंतर लगेच."

"आणि मी तेव्हापासून त्या ड्रायव्हरला चोर म्हणतोय!" आजोबा म्हणाले.

मी खणाबाहेर पसरून पोट धरून हसत होतो. पण आई हसत नव्हती. तिनं टीप उसवली. पायाखाली वर्तमानपत्र घालून पाहिलं, जाड झालं. पुठ्ठा घातला, पातळ पडला. घड्याळ पुढं सरकत होतं.

मिरचीनं भोपळ्यापुढं हात केला. "दे ती इकडं."

"मी शोधलीय!" त्यानं सत्ती छातीशी धरली.

"आईला खेळायला बोलवायचंय ना?"

त्यानं एकदा सत्तीकडं पाहिलं, एकदा आईकडं. मग स्वतःच मशीनखाली सरपटला आणि जुन्याच घडीवर सत्ती सारली. मशीन गप्प उभं राहिलं.

पडदे दिवे लागायच्या आत गेले. आई आली आणि खरंच मांडी घालून बसली. आजोबांनी बोट ओलं करून पानं वाटली. बटाट्यांची सत्ती नेमकी तिच्याच हातात आली. आता ती कशी आली, ते मला विचारू नका.

"टाक ना, आई!" दोघं ओरडले.

तिनं टाकली. आणि पहिल्याच डावात आजोबांची दश्शी अशी अडवली, की म्हातारा रडकुंडीला आला.

आता शाळा सुरू झालीय. मी परत खणात, खडूशेजारी. मशीन चाललं की खालून माझी सत्ती कुरकुरते, आणि मी इथून तिला चिडवतो. तुमच्याही खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल. एक पान कमी म्हणून त्याला फेकू नका. पुठ्ठा कापा, बटाटे काढा आणि खेळा. हरवलेलं पान मात्र शोधू नका. बिचारं कुठंतरी कामाला लागलं असेल.