सौना बरा होता

एस्टोनियातल्या नार्वा शहरात रशियन बोलणाऱ्या बायकांना मी एस्टोनियन शिकवते. त्या दिवशीचा धडा होता, एखादी गोष्ट आवडली तर कसं सांगायचं. मी म्हटलं, "उगाच वाहवा करत सुटायचं नाही. 'वाईट नाही' एवढं म्हटलं तरी आमच्यात पुष्कळ झालं."

वर्गातली राइसा हसली. "मग बाई, ज्यानं राबून केलं त्याला कळायचं कसं?"

"कळतं. चाळीस वर्षं संसार केलाय मी," मी फटकारलं.

माझा नवरा आर्वो दर शनिवारी अंगणातला सौना, म्हणजे आमचं वाफेचं न्हाणीघर, लाकडं घालून तापवायचा. मी न्हाऊन बाहेर आले की बाकावरून विचारायचा, "कसा होता?" मी म्हणायची, "धूर फार होता," नाहीतर "पाणी लवकर निवलं." शेवटच्या शनिवारी चार लाकडं आणायला त्याला तीन खेपा कराव्या लागल्या. मला त्याची दया आली. मी म्हटलं, "बरा होता." त्यावर गडी असा काही खुलला, की शीळ घालतच घरात शिरला. बुधवारी तो वारला.

"बाई, तुम्हीच एक वाक्य सांगा ना," राइसा म्हणाली. "आम्ही मागून म्हणतो."

मी सांगितलं, "आज सौना फार छान झाला होता. मला खूप आवडला."

अकरा बायकांनी ते मोडकंतोडकं म्हणून दाखवलं. मग राइसानं विचारलं, "आणि बाई, समोरचा यावर काय म्हणतो?"

मला ते ठाऊक नव्हतं.