पस्तिशीवरची लाल रेघ

मी प्रसूतिगृहाच्या भिंतीवरचा एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, काही बाळं एक गुणसूत्र जास्त घेऊन जन्मतात, त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात. आईचं वय वाढतं तशी त्याची शक्यता वाढते. म्हणून माझ्यावरची रेघ आधी जवळजवळ सपाट चालते आणि मग चढण चढते.

मोठ्या सिस्टर माझं फार कौतुक करायच्या. डॉक्टर एकटे आणि बाळं रग्गड, म्हणून त्यांनी माझ्यावर पस्तिशीपाशी लाल रेघ मारली. पलीकडच्या आयांची बाळं डॉक्टरांनी नीट तपासायची, अलीकडची वजन करून घरी धाडायची. मीही फुशारून गेलो होतो.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या तेवीस वर्षांच्या बाईला मुलगी झाली. बाळाचं अंग फार ढिलं आहे, डोळेही तिरके दिसतात, डॉक्टरांना दाखवू या का, असं धाकट्या नर्सनं विचारलं. सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं.

"तेवीस वर्षांची आहे ती. उगीच तिच्या जिवाला घोर लावू नकोस."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र आजही शरम वाटते.

सहा महिन्यांनी ती बाई परत आली, रिकाम्या हातांनी. मुलगी दूध ओढताना घामाघूम व्हायची. सासूबाई म्हणायच्या, नाजूक आहे, होईल धडधाकट. ओठ निळे पडले तेव्हा मोठ्या इस्पितळात कळलं, डाउन सिंड्रोम आहे आणि हृदयाला भोक आहे. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि वेळेत सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रिया करता येते. तिची वेळ टळून गेली होती; मुलगी वाचली नाही.

तिनं माझ्यावरच्या तेविसाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"इथं तर काहीच नाही, ताई. मग माझीच कशी?"

धाकटी नर्स हळूच म्हणाली, "तुमच्या वयाच्या आया इथं रोज येतात, चाळिशीची एखादीच. एकेकीला धोका कमी, पण तुम्ही इतक्या जणी, की अशी बरीच बाळं तुमच्याच पोटी येतात. ते या तक्त्यावर लिहिलेलं नाही."

मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या आईचं वय न बघता प्रत्येक बाळ डॉक्टरांकडे धाडू लागल्या.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो, अर्धंच बोललो होतो. तक्ता जरूर वाचा, पण मग त्याच्याकडे पाठ करून बाळाकडे बघा. आता इथं प्रत्येक बाळाच्या छातीला डॉक्टर कान लावतात. त्या मुलीला तेवढंच हवं होतं.