दुर्बिणीच्या तारखेपर्यंत

राजनंदिनी शितोळे बिबवेवाडीत बायकांना गाडी शिकवते. स्वतःचं छोटं ड्रायव्हिंग स्कूल, एक पांढरी गाडी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक-क्लच. तिचा आवाज कधी चढत नाही, म्हणून घाबरणाऱ्या बायका तिच्याकडेच येतात.

दिवाळीनंतर तिला संडासला जाताना रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून तिने मेडिकलमधून मलम आणलं. मग आव पडू लागली, पोटात कळा येऊ लागल्या, आणि एकदा कळ आली की धरवेना. संक्रांतीपर्यंत ब्लाउज सैल झाले. नवरा संतोष मार्केट यार्डात टेम्पोचं काम बघतो. तो म्हणाला, "बारीक झालीस." ती म्हणाली, "बरंच आहे की."

शेवटी ती एकटीच डॉक्टरांकडे गेली.

"मोशन कशी होते?" त्यांनी विचारलं.

तिला पटकन बोलता येईना. तिच्या माहेरी या गोष्टीला शब्दच नव्हता, 'जाऊन येते' एवढंच म्हणायचं. तिने खाली बघत सांगितलं, रक्त पडतं, आव पडते, रात्रीही उठावं लागतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "ही नुसती मूळव्याध वाटत नाही. दुर्बीण घालून आतडं बघायला हवं. कोलोनोस्कोपी."

"कॅन्सर असेल का?"

"बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

तारीख जवळजवळ महिन्याने मिळाली. मध्ये रक्त जास्त गेलं, ताप किंवा चक्कर आली तर तारखेची वाट न बघता सरळ या, असं त्यांनी बजावलं. घरी तिने सांगितलं, पोटाला औषध दिलंय.

तो महिना कसा काढायचा हे तिने आपलं आपणच ठरवलं. सकाळच्या शिकवण्या संपेपर्यंत पोटात काही घालायचं नाही. डिकीत एक सलवार, पॅड आणि पाण्याची बाटली ठेवायची. रस्ते असे निवडायचे की वाटेत पेट्रोल पंप, नाहीतर एखादं बऱ्यापैकी हॉटेल लागेल. काम बंद करून घरी बसावं असंही एकदा वाटलं. पण घरी बसलं की मोबाइलवर नको ते वाचत राहायची. गाडीत निदान समोरचा रस्ता बघावा लागायचा.

तिच्या शिकाऊ बायकांत सहकारनगरच्या हेमा दातार होत्या. साठी उलटलेल्या, बँकेतून निवृत्त. यजमान गेल्यावर गाडी दारात धूळ खात पडली, म्हणून शिकायला आलेल्या. त्यांना डोळे होते आणि जीभही होती.

"मॅडम, आपली गाडी सीएनजीवर चालते ना?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो काकू."

"मग रोज पेट्रोल पंपाचं दर्शन कशाला?"

राजनंदिनीने हवा तपासायची असते म्हणून सांगितलं. "चांगलं आहे," दातारबाई म्हणाल्या, "आमच्या टायरांची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या दोघी कात्रजच्या बाजूला चढावर गाडी थांबवून उचलायचा सराव करायला गेल्या. येताना चौकाच्या अलीकडे सगळं तुंबलं. पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे बस. राजनंदिनीच्या पोटात कळ आली. तिने दात आवळले. कळ ओसरली आणि दुपटीने परत आली. कपाळावर घाम आला.

"काकू, डावीकडे घ्या. जिथे जागा मिळेल तिथे."

दातारबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता इंडिकेटर दिला. डावीकडच्या रस्त्याला गाडी लागली तोवर जे व्हायचं ते थोडं होऊन गेलं होतं. राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

समोर एक मंगल कार्यालय होतं. दारात केळीचे खांब, आत सनई. दातारबाईंनी हँडब्रेक ओढला. "कपडे आहेत का बदलायला?"

"डिकीत."

त्यांनी पिशवी काढली, आपली शाल राजनंदिनीच्या कमरेभोवती गुंडाळली आणि दंडाला धरून तिला आत नेलं. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईंनी "या, या" म्हटलं. दातारबाईंनी मान डोलावली आणि थेट बायकांच्या संडासाकडे गेल्या.

आत राजनंदिनीला बराच वेळ लागला. रक्त होतं, नेहमीपेक्षा जास्त नव्हतं. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"आत कोण आहे हो? किती वेळ?"

"मुलाची मावशी," दातारबाई सांगत होत्या. "प्रवासाचा त्रास झालाय. तुम्ही वरच्या मजल्यावर जा."

ती धुऊन, कपडे बदलून बाहेर आली. जेवायचा आग्रह कसाबसा चुकवून त्या दोघी गाडीत येऊन बसल्या. गाडी सुरू करायची घाई दातारबाईंनी केली नाही.

"किती दिवस चाललंय?"

राजनंदिनीने सगळं सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. दातारबाईंनी 'काही नसेल हो' असं म्हटलं नाही.

"आत्ता चक्कर येतेय का? ताप?"

"नाही."

"तरी आजचं डॉक्टरांना फोन करून सांगा. तारीख कधी आहे?"

"पुढच्या मंगळवारी. रिक्षाने जाईन."

"भूल देतात ना? सोबत कुणी नसलं तर तपासतील का?"

राजनंदिनीने पर्समधला कागद काढला. खाली लिहिलंच होतं, सोबत जबाबदार नातेवाईक हवा. तिने तो पूर्वीही वाचला होता. "काकू, तुम्ही याल?"

"येईन की. पण तिथे विचारलं तर मी पुन्हा मावशीची थाप मारणार नाही. घरी नवरा आहे ना तुमच्या? त्याला आज सांगा. नाहीच आला तर मी आहे."

राजनंदिनीने तिथूनच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तक्रार वाढलेली नसेल तर तारखेलाच या, असं त्यांनी सांगितलं.

त्याच दुपारी संतोष जेवायला घरी आला. तिने ताट वाढलं आणि सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"दिवाळीपासून?"

"हो."

"आणि मला नुसतं पोटाचं औषध म्हणून सांगितलंस."

"मला लाज वाटत होती. आणि भीतीपण."

तो चिडला. उठून गॅलरीत गेला, तिथे उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "माझ्यापासून कसली लाज? तुझ्या बाळंतपणात मी काय काय धुतलंय, विसरलीस?" मग विचारलं, "सोमवारी काय खायचं नसतं?"

सोमवारी त्याने टेम्पो दुसऱ्याच्या हवाली केला. पालेभाजी नाही, भाकरी नाही, बिया नाहीत. तिला मऊ भात आणि गाळलेलं वरण त्यानेच करून दिलं, आणि संध्याकाळपासून ते पोट साफ करायचं पाणी. खारट, लिंबाच्या वासाचं. तिसऱ्या पेल्याला ती ओकायच्या बेतात आली. तो म्हणाला, "नाक धर. कडू काढा पिताना पोरांना हेच सांगतेस." संडासात फेऱ्या सुरू झाल्या. दाराबाहेर तो स्टूल टाकून बसला आणि मार्केट यार्डातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत राहिला. ती आतून हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

मंगळवारी प्रत्यक्ष तपासणी तिला आठवतच नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, हातात सुई टोचली, आणि मग संतोष कपाळावर हात ठेवून उभा होता. डॉक्टर म्हणाले, "आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आहे, जखमा आहेत. गाठ दिसली नाही. तुकडे तपासायला पाठवलेत. ते येईपर्यंत पक्कं बोलत नाही."

रिपोर्ट आठवड्याने आला. कॅन्सर नव्हता. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराचा जुनाट दाह. "पूर्ण जात नाही, पण औषधाने ताब्यात राहतो," डॉक्टरांनी सांगितलं. "गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. काही वर्षांनी दुर्बीण पुन्हा घालावी लागेल." संतोष जिन्यातच खाली बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला. तिला रडू आलं नाही. भूक लागली.

गोळ्यांनी महिनाभरात रक्त थांबलं. घाई मात्र मधूनमधून होते. एखादा आठवडा बरा जातो, एखादा नाही.

एप्रिलमध्ये श्रद्धा नावाची नवी मुलगी आली, अकोल्याची, खराडीत आयटीत नोकरी करणारी. पहिल्याच दिवशी, ती पट्टा लावत असताना राजनंदिनी म्हणाली, "एक सांगून ठेवते. मला आतड्याचा आजार आहे. मध्येच संडासला जावं लागलं तर मी सांगीन, तिथे गाडी बाजूला घ्यायची."

"चालते ना मॅम," श्रद्धा म्हणाली. "आधी आरसा नीट करू का सीट?"

"सीट," राजनंदिनी म्हणाली. "क्लचला पाय पुरतोय का बघ."