माझ्यावरचं शून्य

पैज माझ्या नाकासमोर लागली. मला नाक नाही ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, मी डिलाईल रोडच्या एका चाळीतला फळा. जिन्याखाली, लवूच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून लटकलोय. बंद पडलेल्या गिरणीच्या खोक्यांच्या फळ्या जोडून बुधाजी सुताराने मला बनवलं आणि काळा रंग फासला. तेव्हा माझा काय थाट होता! नळाला पाणी कधी येणार, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं, सगळं माझ्या अंगावर. मग मोबाईल आले. माझ्या खिळ्याला ओलं पोतेरं लटकायला लागलं आणि पोटावर सायकल टेकायला लागली. कुणी पानाचा चुनाही पुसला. मी काही बोललो नाही. बोलणार कसा?

मग ती साथ आली, सगळे घरात बसले आणि चाळीच्या मोबाईल ग्रुपवर अफवांचा पाऊस सुरू झाला. तेव्हा राजाराम खाली आला. राजाराम म्हणजे पहिल्या मजल्यावरचा रिटायर्ड बस कंडक्टर. त्याने पोतेरं काढलं, सायकल हटवली आणि मला पुसून घेतलं.

"मोबाईलमध्ये ज्याला त्याला हवं तेच दिसतं," तो म्हणाला. "फळ्यावर सगळ्यांना एकच दिसेल."

रोज संध्याकाळी तो बातम्यांतले आकडे माझ्यावर लिहायचा. पहिल्या रकान्यात देश, दुसऱ्यात किती लागण. तिसरा रकाना लवूने घुसडला: भेटल्यावर काय करतात. इटलीपुढे 'गालाला गाल', जपानपुढे 'कमरेतून वाकतात'. सगळ्यात खाली 'आपली चाळ – ०', त्याच्यापुढे लवूच्या हस्ताक्षरात 'नमस्कार'.

लवू म्हणजे कोकणातून आलेला जुना गिरणीवाला. पोट पुढे, बोलणं त्याच्याही पुढे.

"बघ राजा," लवू मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "सगळा खेळ भेटण्याचा आहे. ते लोक चिकटतात, आपण लांबून हात जोडतो. महिनाअखेरपर्यंत आपलं शून्य हलत नाही."

"न्यूझीलंडमध्ये नाकाला नाक लावून भेटायची रीत आहे. आकडा बघ केवढासा."

"ती बातमी खोटी असेल."

"आणि तू शेवटचा नमस्कार कुणाला केलास रे? गणपतीला. माणूस दिसला की पाठीत गुद्दा घालतोस. एकच पेपर अख्खी चाळ बोट ओलं करून उलटते. आमच्या घरचं वाटण तुमच्याकडे, तुमची सुकट आमच्याकडे. कसला नमस्कार घेऊन बसलायस?"

"लाव पैज. आकडा हलला तर चाळीच्या चोवीस दारांपुढे जपान्यासारखा वाकेन. लग्नातला कोट घालून."

"आणि नाही हलला तर मी वाकतो. कंडक्टरचा युनिफॉर्म घालून."

राजारामची बायको शैला वरून म्हणाली, "दोघेही आधी मास्क नाकावर घ्या. पैज यमाशी लावताय का?"

मित्रांनो, मला भारी मजा आली. शून्य काढायला खडू किती कमी लागतो! लवू येता-जाता त्या शून्यावर पुन्हा खडू फिरवायचा. ते पुरीसारखं फुगत गेलं. दूधवाल्यालाही तो बोट दाखवायचा, "जपान मागे टाकला." महिना संपायला तीन दिवस उरले.

पण माझी पाठ लवूच्या भिंतीला होती. भिंतीपलीकडे त्याची बायको रखमा दोन रात्री खोकत होती, तोंडात पदर कोंबून. फळ्याला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. ते शून्य मला गोंदणासारखं टोचायला लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तव्यावर सुकट करपली. अशी करपली की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. शैला धावत खाली आली. रखमा तव्यासमोर उभी होती, हातात उलथनं, समोर धूर. तिला पत्ताच नव्हता.

"रखमा, वास येत नाही तुला?"

"माका काय्येक झाला नाय," रखमा म्हणाली आणि भिंतीला टेकली.

लवू दुपारच्या झोपेतून खडबडून पलंगावरून उठला. "कधीपासून गो?"

"तीन दिस. तुमचा ता शून्य होता ना भायर. म्हटला, पैज सरांदे, मगे सांगतंय."

लवूने खुंटीवरचा मास्क काढून थेट नाकावर चढवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

राजाराम दारातून म्हणाला, "लव्या, बसमध्ये तिकीट न काढलेला माणूस माझ्या कागदावर नसायचा. पण बसमध्ये असायचाच. जगातली किती शून्यं अशी असतील, कुणास ठाऊक."

"गेटला बांबू लावतील रे," लवू पुटपुटला. "लोक बोट दाखवतील."

"दाखवू देत. वहिनींना श्वास लागतोय."

लवू बाहेर आला. फडकं शोधलं नाही, स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीने शून्य पुसलं. तिथे 'एक' लिहिला. आणि खाली: 'रखमा. माझ्या घरी. कुणी लपवू नका.' एवढं सुवाच्य अक्षर त्याने कधी काढलं नव्हतं.

अँब्युलन्स संध्याकाळी आली. बांबूही लागले. पण मित्रांनो, रात्रीपर्यंत आणखी तीन खोल्यांनी दाराआडून हाका मारल्या, "आमच्याकडे पण लिही." राजारामने चार लिहिलं. मग तिसऱ्या रकान्यातली रीत पुसून तिथे कोण कुणाच्या दारात डबा ठेवणार ते लिहिलं. लवूचा डबा शैलाकडून. तो दारात ठेवून ती लांब उभी राहायची आणि म्हणायची, "जय भीम. आता हात जोडा, खरोखरचे." लवू जोडायचा.

बारा दिवसांनी रखमा चालत घरी आली. बाकीचे तिघेही सावरले. पण वास काही तिच्याकडे परतला नाही. महिने गेले, फोडणी डोळ्यांनी बघून करायची. लवू रोज तिच्या नाकाखाली लसूण धरायचा. "काय?" "काय नाय."

दिवाळीच्या आदल्या रविवारी राजारामने माझ्यावर लिहिलं: 'पैज. सकाळी दहा.' चाळीचे सगळे कठडे भरले. लवू कोट घालून आला. बटणं काही लागली नाहीत. एकेका दारापुढे कमरेतून वाकायला लागला. राजाराम जुनी शिट्टी वाजवून आकडा म्हणत होता. अकराव्या दाराला पोट आडवं आलं, सतराव्याला कोट पाठीवर उसवला. राजारामच्या दारापुढे तो जरा जास्तच वेळ वाकला. शैला म्हणाली, "पुरे, भावोजी. उठा."

मधल्या मध्ये माझं एक ऐका. मला ओल्या फडक्याने पुसा, बाहीने नको. पोतेऱ्याला दुसरा खिळा बघा. आणि माझ्यावर लिहाल ते खरं लिहा, आकडा लाजिरवाणा असला तरी. मला चांगला दिसायचा सोस नाही, मी मुळातच काळा आहे.

चोविसावं दार लवूचं स्वतःचं. उंबऱ्यात रखमा उभी, कमरेवर हात. लवू वाकला, पार गुडघ्यांपर्यंत.

"अजून वाक," कठड्यावरून कुणीतरी ओरडलं.

रखमाने मान वळवली. नाक वर केलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"सरा बाजूक," ती म्हणाली, "सुकट करपता हा."

आणि आत धावली. आम्हा कुणालाच अजून वास आला नव्हता. वाकलेला लवू तसाच वाकून राहिला, आणि राजारामची शिट्टी वाजायचीच थांबेना.